बाबांच्या उशीवरून काय दिसतं?

आलेलं पत्र, थोडं कापून:

"ताई नमस्कार. मी ४१ वर्षांचा आहे, तुमच्यापेक्षा लहानच असेन, अरे-तुरे केलंत तरी चालेल. दोन वर्षांपूर्वी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं पण गेलं. कळतं त्यांना बऱ्यापैकी, पण तोंडातून फक्त 'ए... ए...' एवढंच येतं. सकाळचं त्यांचं सगळं मी करतो, दिवसा अटेंडंट असतो, रात्री मी आणि बायको आलटून पालटून उठतो. नोकरी आहे, मुलीची शाळा आहे. तक्रार नाही, करणारे आम्हीच आहोत.

प्रॉब्लेम वेगळाच आहे. मला आता काही म्हणजे काहीच भिडत नाही. सगळे सांगतात छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोध, रोज तीन चांगल्या गोष्टी लिही. डायरी केली, रोज तेच तेच लिहायला लागलो म्हणून सोडली. मित्राने मुद्दाम सूर्यास्त बघायला नेलं, सगळे वा वा करत होते आणि मी घड्याळ बघत होतो. पूर्वी संध्याकाळी पाच-दहा मिनिटं डोळे मिटून बसायचो, देवाशी बोलल्यासारखं व्हायचं, आता बसलं की औषधांचा हिशोब आठवतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे परवा सकाळी मी आवरत होतो, बाबांनी चौथ्यांदा ए ए सुरू केलं आणि मी ओरडलो त्यांच्यावर. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तसेही ते तासन्‌तास भिंतीकडे नाहीतर खिडकीकडे बघत पडलेले असतात, काय दिसतं त्यांना देव जाणे.

माझ्यातला ओलावा संपलाय का? असा माणूस परत माणसात येतो का?"

अरे मित्रा,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते म्हणजे बाकीचं तू जरा मोकळेपणी वाचशील. नाही, ओलावा संपलेला नाही. तू दमलायस. दोन वर्षं ज्याची झोप सलग झालेली नाही त्याला सूर्यास्त बघून भरून येत नाही यात त्याच्या स्वभावाचा काही दोष नसतो, शरीर आधी झोप मागतं आणि ती मिळेपर्यंत बाकी सगळ्याला नंतर या म्हणून सांगतं. चिडचिड लवकर होणं, कशातच रस न वाटणं, साध्या आवाजाने डोकं उठणं, हे सगळं झोप तुटली की कोणालाही होतं, चांगल्या माणसाला पण होतं.

आता दुसरी गोष्ट. हे जे 'छोट्या गोष्टींत आनंद शोध' म्हणून सांगतात ना सगळे, ते प्रेमानेच सांगतात मान्य, पण मला तो सल्ला तुझ्यासारख्या माणसाला देणं पटत नाही. कारण त्यात एक काम वाढतं. सकाळपासून डायपर, स्पंजिंग, औषधं, मुलीचा डबा, ऑफिसचे मेल आणि त्यात आता आनंद पण शोधायचा, आणि नाही सापडला तर त्याचंही वाईट वाटून घ्यायचं. त्या संध्याकाळी तुझं नेमकं काय झालं असेल ते मला दिसतंय. तू सूर्याकडे बघतच नव्हतास, तू स्वतःकडे बघत होतास, आलं का काही आत, आलं का, सगळ्यांना येतंय मला का नाही. अशा वेळी समोर काहीही असू दे, ते दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वाटण्याचं सध्या सोडून दे. काही वाटायला पाहिजे ही अटच काढून टाक. फक्त बघ. नीट, जरा जास्त वेळ आणि एकाच गोष्टीकडे. वाटलं तर वाटलं, नाही वाटलं तर बघणं तर झालं, ते काही फुकट गेलं नाही.

रोजचं दिसत का नाही याला एक साधं शारीरिक कारण पण आहे, ते तुला सांगते कारण तुझ्या पत्रात स्वतःला दोष देणं फार आहे. आपला डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो, एखाद्या वस्तूकडे टक लावून बघतानासुद्धा तो बारीक बारीक हलत असतो, आणि प्रयोगशाळेत खास उपकरण वापरून चित्र डोळ्याच्या पडद्यावर एकाच जागी खिळवून ठेवलं तर काही सेकंदांत ते चित्र दिसेनासं होतं! चित्र तिथेच असतं, डोळा चांगला असतो, पण जे बदलत नाही ते दाखवणं यंत्रणा बंद करते. ट्रॉक्सलर नावाच्या एका स्विस डॉक्टरने १८०४ मध्येच लिहून ठेवलं होतं की एका बिंदूवर नजर खिळवली की आजूबाजूच्या गोष्टी हळूहळू पुसल्या जातात. पंख्याचा आवाज दहा मिनिटांनी ऐकू येत नाही, अंगावरचा शर्ट जाणवत नाही, तेही तसंच. म्हणजे तुझं घर, तुझी बायको, बाबांची खोली तुला दिसेनाशी झाली असेल तर तुझं मन मेलं असं समजू नकोस, मेंदू नेहमीप्रमाणे चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. उपायही त्याच माहितीत आहे. नजर थोडी हलवायची, जागा थोडी बदलायची, की पुसलेलं परत दिसायला लागतं. त्यासाठी डोंगरावर किंवा समुद्रावर जायची गरज नाही.

एक उदाहरण देते, माझं फार आवडतं. झाडाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात ते तू हजार वेळा बघितले असशील. आता पुढच्या वेळी दोन मिनिटं उभा राहून त्यांचा आकार बघ. पानांमधल्या फटी कशाही असतात, वाकड्या, तिकोनी, लांबट, आणि तरी खाली पडलेले बरेचसे कवडसे गोल असतात, ऊन तिरपं असेल तर लांबट गोल. का? कारण तो गोल फटीचा नसतोच, तो सूर्याचा असतो. बारीक फटीतून आलेला प्रकाश लांबवर पडला की तिथे सूर्याची प्रतिमा उमटते, म्हणजे तुझ्या पायाशी शेकडो छोटे सूर्य पडलेले असतात आणि आपण त्यांच्यावरून चपला घालून जातो. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हे सगळे कवडसे एकदम चंद्रकोरीसारखे होतात, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात येतं. आणि तो प्रकाश सूर्यावरून निघून तुझ्यापर्यंत यायला आठ मिनिटांच्या थोडं वर वेळ लागलेला असतो, तू लिफ्टची वाट बघत होतास तेव्हा तो वाटेत होता.

खोलीत पण हे होतं. पडद्याला बारीक भोक असेल, खिडकीच्या झडपेला फट असेल तर समोरच्या भिंतीवर तसाच गोल पडतो आणि तो सरकत असतो. साधारण दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. पेन्सिलने कडेला एक खूण कर आणि थांब. जे सरकताना दिसतंय ते पृथ्वीचं फिरणं आहे, तुझ्या घराच्या भिंतीवर, बेडपॅन आणि औषधांच्या स्ट्रिप्स ठेवलेल्या खोलीत. मला यात जे वाटतं ते मी तुला सांगणार नाही, कारण मग परत तू ते वाटतंय का म्हणून तपासत बसशील. तू नुसती खूण करून बघ.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. 'काय दिसतं त्यांना देव जाणे.' हे तू बहुतेक वैतागून लिहिलंस, पण अख्ख्या पत्रात मला हेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण तो खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मिळू शकतं. दोन वर्षं तू त्या खोलीत उभा राहून किंवा वाकून काम करतोयस. ते आडवे आहेत. तुझ्या उंचीवरून ती खोली वेगळी आहे आणि त्यांच्या उशीवरून वेगळी. तर एक दिवस, सुट्टीच्या दिवशी, घाई नसताना, त्यांच्या शेजारी आडवा हो. जागा नसेल तर पलंगाशेजारी खाली बसून डोकं त्यांच्या उशीवर टेकव, त्यांच्या डोक्याच्या लेव्हलला. आणि ते बघतात तिकडे बघ. बोलू नकोस, काही विचारू नकोस, पाच मिनिटं फक्त बघ. ट्यूबलाइट थेट डोळ्यात येते का ते कळेल. खिडकीतून आकाश दिसतं का नुसती समोरची भिंत, तेही कळेल. छताला पोपडे कुठे आलेत, दारात कोण आलं ते त्यांना आधी दिसतं का आधी नुसते पाय ऐकू येतात, हे सगळं कळेल. कदाचित तो कवडसा दिसेल. कदाचित काहीच विशेष दिसणार नाही आणि मग तुला हे कळेल की हा माणूस दोन वर्षं काहीच विशेष नसलेलं बघतोय.

मी तुला याहून मोठी साधना सांगू शकत नाही, खरंच नाही. सौंदर्य, करुणा, अध्यात्म असे तीन वेगळे कप्पे तू पत्रात केलेस, सूर्यास्त एका कप्प्यात, बाबांवर ओरडणं दुसऱ्या, डोळे मिटून बसणं तिसऱ्या. मला ते वेगळे वाटत नाहीत. तिन्हीकडे एकच गोष्ट लागते, समोर जे आहे त्याच्याकडे पूर्ण लक्ष, आपलं त्यात काय होतंय हे थोडा वेळ बाजूला ठेवून.

आणि यातून लगेच करण्यासारखं एक काम निघतं. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये एक अभ्यास छापला होता, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलचा. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागल्या. अभ्यास लहान आहे, त्यावरून मी तुझे बाबा बरे होतील वगैरे म्हणणार नाही, पण पलंग फिरवायला काय लागतं? खिडकीतून काही हिरवं किंवा आकाशाचा तुकडा दिसेल असा फिरवता येतो का बघ. ट्यूबलाइट डोळ्यावर येत असेल तर बाजूचा दिवा लाव. खिडकीला एखादी कुंडी बसते का बघ. मुलीला सांग की आजोबांच्या डोळ्यासमोर भिंतीवर दर आठवड्याला एक नवीन चित्र लावायचं काम तिचं. जे बदलत नाही ते दिसेनासं होतं हे आता तुला माहितीये, त्यांच्यासाठी पण ते तितकंच खरं आहे.

अजून एक गोष्ट, ही मला फार महत्त्वाची वाटते आणि ती तुला कोणी सांगितली आहे का ते पत्रावरून कळलं नाही. झटक्याने ज्यांची वाचा जाते त्यातल्या काही माणसांना बोलता येत नाही पण गाता येतं. साधं वाक्य जमत नाही पण तोंडपाठ असलेलं जुनं गाणं, प्रार्थना, पाढे यांचे शब्द कधी कधी स्पष्ट येतात. बोलणं बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या बाजूवर अवलंबून असतं, आणि उजवी बाजू लुळी पडते तेव्हा मार मेंदूच्या डाव्या बाजूलाच बसलेला असतो, तुझ्या बाबांचं तसंच झालं असणार. सूर-ताल आणि पाठ असलेलं म्हणणं यात मेंदूच्या दुसऱ्या बाजूचा पण हात असतो. यावरच १९७० च्या दशकात मेलोडिक इंटोनेशन थेरपी नावाची पद्धत निघाली, त्यात रोजची छोटी वाक्यं चालीत म्हणायला शिकवतात आणि डाव्या हाताने ताल धरायला लावतात. सगळ्यांना जमतं असं नाही, दोन वर्षांनी किती फरक पडेल ते स्पीच थेरपिस्टच बघून सांगू शकतो, एकदा दाखवच. पण त्याची वाट न बघता आजच एक करता येईल. त्यांना लहानपणापासून जे पाठ आहे ते सकाळी स्पंजिंग करताना तू म्हण. हळू, त्यांच्या चालीत. आणि ओळीचा शेवटचा शब्द सोडून दे, थांब आणि त्यांच्या तोंडाकडे बघ. आला तर आला. नाही आला तर तुम्ही दोघांनी मिळून एक गाणं म्हटलं, दोन वर्षांत तुमचं एकत्र काही झालं असेल तर बहुतेक औषध आणि अंघोळच झाली असेल.

आता ओरडण्याबद्दल.

१९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला केलेला एक प्रयोग छापला. धर्मशिक्षण घेणारे विद्यार्थी, पुढे धर्मगुरू होणारे, म्हणजे आपण म्हणू की करुणा हा ज्यांचा अभ्यासाचाच विषय. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं, आणि त्यातल्या काहींचा विषय तर वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एक माणूस मुद्दाम बसवलेला, खोकतोय, कण्हतोय. काहींना सांगितलं होतं वेळ आहे अजून, काहींना सांगितलं वेळेत निघा आणि काहींना सांगितलं तुम्हाला उशीर झालाय, लवकर जा. ज्यांना वेळ होता त्यातले ६३ टक्के मदतीला थांबले, ज्यांना उशीर झाला होता त्यातले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणावा असा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने.

तू कधी ओरडलास ते परत वाच. सकाळी, आवरत असताना. तुझं मन दुष्ट झालं म्हणून नाही, तुझ्याकडे त्या वेळी वेळच नव्हता म्हणून. त्यामुळे मी आजपासून चांगला वागेन असा निश्चय करू नकोस, तो उद्या साडेआठला परत मोडेल आणि तुला अजून वाईट वाटेल. त्यापेक्षा सकाळचं टाइमटेबल बदल. अटेंडंटला अर्धा तास आधी बोलावणं परवडतं का, ऑफिसला दोन दिवस उशिरा जाता येतं का, मुलीला शाळेत सोडायला कोणी शेजारी आहे का. बाबांच्या नावाची पंधरा मिनिटं सकाळी अशी ठेव की ज्यात दुसरं काहीच नाही, फोन बाहेरच्या खोलीत. आणि ते ए ए कशासाठी करतात ते पण बघ, दर वेळी तेच कारण असेल असं नाही. पाणी, कूस, लघवी, ऊन डोळ्यावर येतंय, नुसतं कोणीतरी हवंय, अशी पाच-सहा चित्रं एका पुठ्ठ्यावर काढून दे, ते डाव्या हाताने बोट ठेवू शकत असतील तर तुझे निम्मे अंदाज वाचतील. त्यांचं काय होत असेल विचार कर, आत सगळं बोलणं तयार आहे आणि तोंडातून फक्त ए येतंय आणि ऐकणारा घाईत आहे.

माफी मागायची राहिली असेल तर माग. त्यांना कळतं असं तूच लिहिलंयस. ज्या हाताला स्पर्श कळतो तो हात धर आणि साधं सांग, बाबा परवा मी ओरडलो, चुकलं माझं, मी दमलो होतो. लांबवू नकोस, रडायला आलं तर येऊ दे आणि नाही आलं तरी ते खोटं होत नाही.

एक अजून नाजूक भाग आहे. तुझ्यासारखी माणसं बऱ्याचदा असं समजतात की करुणा म्हणजे समोरच्याचं दुःख आपल्याला पण तेवढंच व्हायला पाहिजे. दोन वर्षं रोज कोणी असं करत राहिलं तर तो बधिर होणारच, मन स्वतःला वाचवतं. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी यावर काम केलंय. त्यांनी लोकांना आधी दुसऱ्याच्या दुःखाशी समरस व्हायचं ट्रेनिंग दिलं, तर दुःखाचे व्हिडिओ बघताना त्या लोकांनाच जास्त त्रास व्हायला लागला. मग त्याच लोकांना करुणेचं ट्रेनिंग दिलं, म्हणजे समोरच्याबद्दल मनात माया आणायची, त्याचं बरं व्हावं असं म्हणायचं, तर त्रास उतरला आणि मन उलट उबदार झालं, मेंदूतले भाग पण वेगळे काम करताना दिसले. तेव्हा बाबांचं दुःख रोज नव्याने स्वतःच्या आत भरून घेऊ नकोस. खोलीत जाताना दाराशी एक श्वास थांब आणि मनात म्हण, बाबा तुम्हाला आज आराम पडो. बस. आणि सगळ्यात शेवटी हेच वाक्य स्वतःसाठी पण म्हण, ते लाजण्यासारखं नाही, ज्या परंपरांमधून ही पद्धत आलीये तिथे सुरुवातच बहुधा स्वतःपासून करतात.

संध्याकाळचं डोळे मिटून बसणं. ते नाही जमत तर सध्या नको बसू. देवाशी बोलायची जागा ठरलेलीच असली पाहिजे असं आपल्याकडे कोणीच म्हटलेलं नाही, उलट आपल्या संतांकडे बघ, सावता माळी मळ्यात काम करत होते, गोरोबा चिखल तुडवत होते, जनाबाई दळण-कांडण करत होत्या, आणि त्यांनी तिथेच, त्याच कामात, विठ्ठल बघितला. म्हणजे तुझ्यासाठी ती जागा आता बाबांची पाठ पुसताना असू शकते. बेडसोअर होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची असते, तेव्हा तुझा हात त्यांच्या पाठीखाली जातो, ते वजन, ती उष्णता, श्वास आत-बाहेर होतोय ते, तेवढ्या अर्ध्या मिनिटात फक्त तिथे रहा. औषधांचा हिशोब आठवला तर आठवू दे, परत हाताकडे ये.

पण इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण हा विचार चुकीच्या ठिकाणी फार वापरला जातो. सेवा हीच पूजा असं म्हणून कोणी तुला मदत नाकारत असेल, किंवा तू स्वतःच मदत मागायची टाळत असशील, तर ते मला मंजूर नाही. कामात देव दिसणं वेगळं आणि एकाच माणसाला कामाखाली चिरडणं वेगळं. तुला भावंडं असतील, काका-आत्या असतील तर त्यांना स्पष्ट सांग, कधीतरी भेटायला या असं नको, तर महिन्यातल्या अमुक रात्री तुम्ही झोपायला या, आम्ही दोघं त्या रात्री उठणार नाही. नातेवाईक नसतील तर महिन्यातून काही रात्री पैसे देऊन माणूस ठेव, बाकी कशात तरी काटकसर कर. झोप ही तुझ्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग आहे आणि ती मी कितीही छान लिहिलं तरी पत्रातून मिळणार नाही.

आणि डॉक्टरकडे जा, स्वतःसाठी. कशातच रस न वाटणं दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर डॉक्टर ते डिप्रेशनचं लक्षण म्हणून बघतात, आणि तुझं बरंच जास्त टिकलंय. थायरॉइड कमी असेल, बी-१२ कमी असेल तरी माणूस असा मलूल होतो, साध्या रक्ततपासणीत कळतं. यात लाजायचं काही नाही, बाबांची औषधं तू वेळेवर देतोस ना, तसंच हे. आणि सगळं संपवून टाकावं असा विचार कधी मनात आला तर मग माझ्या उत्तराची किंवा कशाचीच वाट बघायची नाही, त्याच दिवशी बायकोला सांगायचं आणि डॉक्टरला गाठायचं.

थोडी ताकद आली की मग चालायला जा, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ५२ ज्येष्ठ लोकांना आठ आठवडे असं चालायला लावलं, निम्म्यांना फक्त चाला म्हणून सांगितलं आणि निम्म्यांना सांगितलं की चालताना काहीतरी नवलाचं दिसतंय का बघा, पहिल्यांदाच बघतोय असं बघा. प्रत्येकाने वाटेत स्वतःचे फोटो काढायचे होते. नवल बघणाऱ्यांच्या फोटोत जसजसे आठवडे गेले तसतसा त्यांचा स्वतःचा आकार लहान होत गेला आणि मागचं दृश्य वाढत गेलं, हसू पण वाढलं. कोणी त्यांना तसा फोटो काढा म्हणून सांगितलं नव्हतं. मला हे फार सुंदर वाटतं. पण हे नंतर, आधी झोप.

यातलं सगळं करायला जाऊ नकोस. उशीवर डोकं टेकवणं, सकाळची पंधरा मिनिटं आणि रक्ततपासणी, एवढं या महिन्यात कर.

आणि हे उत्तर बायकोला वाचायला दे. ती पण दोन वर्षं रात्री उठतेय आणि तुझ्या पत्रात तिच्याबद्दल जेमतेम एक ओळ आहे. तिला विचार तिला शेवटची सलग झोप कधी लागली, तिला काही भिडतं का अजून, आणि उत्तर देताना मध्ये बोलू नकोस. तिला मला वेगळं लिहायचं असेल तर लिहू दे, तिच्या पत्राला मी वेगळं उत्तर देईन.

तुझी ताई